खड्डे बुजवणाऱ्या गँगमधला पहिला महिना

हॉटमिक्सचा, म्हणजे गरम डांबर-खडीच्या मालाचा डंपर रिव्हर्स घेत येतो, मागचा फाळका उघडतो आणि गरम भपका तोंडावर येतो. नवा माणूस त्या क्षणी हमखास एक पाऊल मागे घेतो, आणि ते पाऊल चालू ट्रॅफिकमध्ये पडतं. माझंही पडलं होतं. मुकादमाने कॉलर धरून ओढलं म्हणून आज हे लिहायला आहे.

मी आधी बिगारी होतो, मग रेकवाला, म्हणजे दाताळ्याने माल पसरणारा झालो आणि गेली काही वर्षं पुण्यात मुकादमी करतोय. पावसाळा सरून दिवाळी झाली की गँगवर नवी पोरं येतात. कुणी बीडकडचं, कुणी सोलापूरचं, कुणी इथलंच जनता वसाहतीतलं. पहिल्या आठवड्यात त्यांना तोंडी जे सांगतो तेच इथे लिहितोय. थोडंफार पुण्याच्या पद्धतीचं आहे. मुंबई-नाशिकला शब्द वेगळे असतील, काम तेच.

हजेरी कुणाच्या वहीत?

हे पहिल्याच दिवशी विचारायचं. शहरातल्या रस्त्यांच्या देखभालीचं बरंचसं काम आता ठेक्यावर चालतं. गाडीवर महापालिकेचं नाव असलं तरी तुमचा मालक ठेकेदार असू शकतो. पगार कोण देणार, कोणत्या तारखेला, खात्यात की हातात, हे नीट समजून घ्या. लाजू नका, चांगला ठेकेदार हे विचारल्यावर चिडत नाही.

आधार कार्ड, बँक पासबुक आणि दोन-तीन फोटो बरोबर ठेवा. पीएफ कापणार असतील तर यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा तुमचा कायमचा नंबर मागून घ्या आणि तो मोबाइलवर चालू करा. मूळ पगाराच्या १२ टक्के तुमचे जातात, तेवढेच मालकाने घालायचे असतात. दोन महिने झाले तरी पासबुकात काही दिसत नसेल तर तेव्हाच बोला. वर्षभराने बोलून हाती काही लागत नाही, तोवर ठेका संपून माणसं पांगलेली असतात. ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा असेल तर पगारातून ०.७५ टक्के जातात आणि त्यावर तुमचा आणि घरच्यांचा दवाखाना होतो. या कामात भाजणं, चेंगरणं होतंच, त्यामुळे ते कार्ड खिशात हवं, घरच्या ट्रंकेत नको.

आणखी एक. रस्त्याचं काम कायद्याने बांधकामातच धरतात. वय १८ ते ६० असेल आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला मिळाला, तर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी होते. पोरांच्या शिक्षणापासून अपघाताच्या मदतीपर्यंत योजना आहेत. त्या दाखल्यासाठी रोजची हजेरी स्वतःच्या वहीतही लिहून ठेवा. तारीख, जागा, मुकादमाचं नाव, बस.

बायकांना घमेलं उचलायचे पैसे कमी देणारे ठेकेदार अजून भेटतात. समान कामाला समान मजुरीचा कायदा १९७६ सालीच आला. घमेल्यातला माल बाई उचलते म्हणून हलका होत नाही.

अंगावर काय हवं

सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट. नायलॉन, टेरिकॉट, क्रिकेट टीमची चकचकीत जर्सी असलं काही नको. गरम डांबराचा थेंब पडला की ते कापड वितळून कातडीला चिकटतं. पँट बुटाच्या आत खोचायची नाही, बुटावरून खाली सोडायची. खोचलीत की बुटाचं तोंड वर उघडं राहतं आणि फावड्यावरून उडालेला माल थेट आत जातो. बूट चामड्याचे, जाड तळाचे, पंजाला टोपी असलेले. गमबूट पाण्याच्या कामाला ठीक आहेत, हॉटमिक्सवर त्यांचा तळ मऊ पडतो. चप्पल घालून आलेल्याला मी परत पाठवतो, त्या दिवसाची हजेरी मिळत नाही.

चमकणारं जॅकेट वरचं बटण लावून घाला. उघडं सोडलेलं जॅकेट डांबर कापायच्या कटरच्या पट्ट्यात अडकलेलं मी पाहिलंय. हातमोजे चामड्याचे. तोंडाला मास्क हवा, निदान कटर चालू असताना तरी. ती पांढरी धूळ नुसती धूळ नसते, दगडाची बारीक पूड असते आणि ती फुप्फुसात जाऊन बसते. कटरवर पाणी सोडून कापलं तर धूळ फारच कमी उडते. कटरवाला पाण्याचा कंटाळा करत असेल तर नवा असलात तरी बोला.

पाण्याची बाटली स्वतःची, दोन लिटरची. एप्रिलमध्ये वरून चाळीस अंश आणि खालून दीडशे. चहावर दिवस काढणारे दुपारी तीनला फुटपाथवर बसलेले दिसतात. डब्यात थोडं मिठाचं काहीतरी असू द्या, ताक असेल तर उत्तम.

कोण काय करतं

गँग आठ-दहा जणांची असते. मुकादम, दोघं-तिघं घमेल्यावर, एक-दोन फावड्यावर, एक रेकवाला, एक टॅक कोट, म्हणजे माल चिकटवणारा पातळ डांबराचा हात मारणारा, रोलरचा ड्रायव्हर आणि झेंडीवाला. वरून जेई, म्हणजे कनिष्ठ अभियंता, दिवसातून एकदा चक्कर मारतात. त्यांना साहेब किंवा मॅडम म्हणायचं, मुकादमाला वयाप्रमाणे नाना, अण्णा, मामा. रोलरवाल्याशी मात्र पहिल्या दिवसापासून दोस्ती ठेवा. त्याला ड्रमच्या जवळचं दिसत नाही. त्याची नजर तुमच्या नजरेला भिडली नाही तोपर्यंत रोलरच्या पुढे-मागे जायचं नाही. इअरफोन कानात असलेल्या माणसाला मी गँगवर ठेवत नाही, त्याला कारण रोलरच आहे. आणि कामावर लेकरं आणावी लागत असतील तर त्यांची जागा टेम्पोच्या सावलीत नाही. टेम्पो कधीही हलतो. त्यांना बॅरिकेडच्या बाहेर, फुटपाथवर, कुणाच्या तरी नजरेखाली बसवा.

नव्याला पहिल्या आठवड्यात बहुतेक झेंडी मिळते. लोकांना वाटतं हे सगळ्यात सोपं काम. मला विचाराल तर ते सगळ्यात अवघड आहे आणि नव्याला एकट्याला देऊ नये.

रस्ता अडवणं

पन्नासच्या वेगाने येणारी गाडी सेकंदाला १४ मीटर पुढे सरकते. चालकाला तुम्ही दिसलात आणि त्याचा पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद जरी धरला तरी गाडी २१ मीटर आलेली असते, आणि ब्रेक त्यापुढे लागायला सुरुवात होते. म्हणून ‘काम चालू आहे’चा पहिला फलक खड्ड्यापाशी ठेवून काही उपयोग नाही. शहरातल्या रुंद रस्त्यावर तो मी निदान ७०-८० पावलं मागे ठेवतो. वळण किंवा उताराच्या पुढे काम असेल तर फलक वळणाच्या अलीकडे. पुलावरून उतरणाऱ्या गाड्यांना उतारावर काही दिसत नाही, तिथे फलक पुलावरच.

त्यानंतर प्लास्टिकचे कोन. ते आडवे एका ओळीत भिंतीसारखे लावायचे नसतात. डाव्या कडेपासून तिरके सरकवत आणायचे, म्हणजे गाडी आपोआप बाजूच्या लेनमध्ये ढकलली जाते. मग काम करायची जागा, तिच्या आधी थोडी मोकळी जागा. एखादा कोन उडवून गाडी आत घुसलीच तर ती या मोकळ्या जागेत थांबावी, म्हणून तिथे कुणी उभं राहायचं नाही, घमेली ठेवायची नाहीत, डबे खायला तर अजिबात बसायचं नाही. सावली नेमकी तिथेच असते हे मला माहीत आहे.

फलक आणि कोन लावताना ट्रॅफिक ज्या बाजूने येतं त्या बाजूकडून सुरुवात करायची आणि तोंड सतत गाड्यांकडे. पाठ करायची नाही.

झेंडीवाल्याने कोनांच्या बाहेर रस्त्याच्या मधोमध उभं राहायचं नाही. कडेला, जिथून मागे उडी मारायला जागा आहे अशा ठिकाणी उभं राहायचं. लाल झेंडी आडवी पूर्ण हात ताणून, हिरवी हलवत. शिट्टी तोंडात. वाहतूक पोलिसांची परवानगी मोठ्या रस्त्यांवर आधीच काढलेली असते. त्या कागदाचा फोटो मुकादमाच्या मोबाइलमध्ये असतो, हवालदाराने विचारलं तर तुम्ही उत्तर देऊ नका, मुकादमाला हाक मारा.

रात्रीच्या कामात लुकलुकणारे दिवे कोनांवर हवेत. रात्री गाड्या कमी असतात पण वेगात असतात, आणि दोनच्या पुढे चालवणाऱ्यांपैकी काही जण शुद्धीत नसतात.

आता खड्डा

खड्डा का पडतो हे कळलं की बुजवायचा कसा हे अर्धं कळतं. डांबराला पाणी चालत नाही. रस्त्याला बारीक भेग पडते, त्यातून पाणी आत जातं, खडीवरचं डांबराचं अस्तर सुटतं. वरून बस जाते तेव्हा आतलं पाणी पिचकारीसारखं दाबलं जातं आणि खडी मोकळी होते. आठवड्यात तिथे ताटाएवढा खड्डा. म्हणजे खड्डा पाण्याने केलेला असतो, गाड्या नुसत्या त्यातली खडी उडवतात. पुण्यातला जंगली महाराज रस्ता १९७०च्या दशकात हॉटमिक्सने केला, ठेकेदाराने दहा वर्षांची हमी दिली आणि पुढची कित्येक वर्षं त्यावर खड्डा पडला नाही, ही गोष्ट इथे सगळ्यांना पाठ आहे. लोक ठेकेदाराचं कौतुक करतात, ते बरोबरच आहे. पण पाणी त्या रस्त्यावर साचून राहत नाही, हे मात्र कुणी सांगत नाही.

पहिलं काम, आखणी. खड्डा गोल असला तरी तो चौकोनी कापायचा. फुटलेल्या भागाच्या बाहेर, चांगल्या डांबरात चार बोटं जाऊन फक्कीने किंवा खडूने चौकोन मारा. एक कड रस्त्याच्या दिशेला समांतर. जवळजवळ दोन खड्डे असतील तर दोन चौकोन न करता एकच मोठा करा, मधली चिंचोळी पट्टी टिकत नाही.

मग कापणं. कटरने, नाहीतर ब्रेकरने किंवा छिन्नी-हातोड्याने. कडा उभ्या सरळ हव्यात, भिंतीसारख्या. उतरत्या कडेवर माल बशीच्या काठासारखा पातळ होत जातो आणि तो पातळ काठ पहिल्यांदा उडतो. नवी पोरं इथे घाई करतात कारण हे काम दिसत नाही. खड्डा भरल्यावर सगळे सारखेच काळे दिसतात, फरक जूनमध्ये कळतो.

आतलं सगळं सुटं काढा. पहार मारून बघा, पोकळ आवाज आला तर अजून खाली जा. खालचा मुरूम लोण्यासारखा ओला लागला तर तोही काढून खडी भरून धुम्मसने ठोकायची. खराट्याने झाडा, कॉम्प्रेसर असेल तर हवा मारा. हाताचा तळवा आत फिरवला तर हाताला पूड लागता कामा नये. आणि कोरडं हवं. मी रेकवाला असताना एकदा जूनच्या पहिल्या आठवड्यात, साहेब उभे आहेत म्हणून तळाला ओल असतानाच माल टाकला. माल पडल्यावर पांढरी वाफ आली, बरं दिसलं, दबाई झाली. चौथ्या दिवशी अख्खा पॅच भाकरीसारखा उचलला गेला. तळाला काळा डाग पण नव्हता, चिकटलाच नव्हता तो.

टॅक कोट. ड्रममधलं इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळलेलं डांबर, आधी ड्रम लोळवून सारखं करून घ्या, जाड भाग तळाला बसलेला असतो. हे गरम करावं लागत नाही. तळाला आणि चारही कडांना ब्रशने किंवा झारीने पातळ लावा. पातळ म्हणजे खरंच पातळ, चौरस मीटरला पाव किलोच्या आसपास. जास्त ओतलं तर उन्हात डांबर वर येतं आणि दुचाकी घसरते. लावताना ते चहाच्या रंगाचं असतं. काळं होईपर्यंत थांबायचं, म्हणजे त्यातलं पाणी सुटून डांबर मागे राहिलंय. तपकिरी असताना माल टाकणं म्हणजे ओल्या खड्ड्यात टाकल्यासारखंच. या पंधरा-वीस मिनिटांत कडेची घमेली लावून घ्या, बिडी काडी करायची तर ड्रमपासून लांब.

आता माल. पुणे महापालिकेचा प्लँट येरवड्याला आहे, ठेकेदारांचे शहराबाहेर. नेहमीच्या व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचा माल प्लँटवरून १५० ते १६५ अंशांना निघतो. पसरताना तो निदान १४० हवा आणि दबाई ९०च्या खाली जायच्या आत संपलेली हवी. येरवड्याहून सिंहगड रोडला संध्याकाळी यायचं म्हणजे काय ते सांगायला नको. त्यामुळे ताडपत्री ही सजावट नाही, तिच्यावर तुमचा पॅच टिकणार आहे. डंपर आला की थर्मामीटर मालात खुपसून बघा. तो नसेल तर डोळे वापरा. निळसर धूर निघत असेल तर माल जळालाय, डांबर करपलंय. चकाकी गेलेली आणि ढेकळं होत असतील तर गार झालाय. दोन्ही माल परत पाठवायचे, आणि ते सांगायचं धाडस मुकादमाने करायचं, तुमच्यावर ते नाही. तुम्ही फक्त त्याच्या कानावर घाला.

किती माल लागेल याचा हिशेब तोंडपाठ करा. दबलेला माल घनमीटरला साधारण २.३ टन. सव्वा मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि सहा सेंटिमीटर खोल खड्ड्याला सुमारे १३० किलो. आमच्या घमेल्यात १८ ते २० किलो बसतं, म्हणजे सात घमेली. हे आधी मोजलं की डंपर उगाच उघडा राहत नाही.

टाकताना लांबून फेकायचं नाही. फेकलं की मोठी खडी पुढे घरंगळते आणि बारीक माल मागे राहतो. फावडं जवळ नेऊन पालथं करायचं, आणि आधी कडांना, मग मधे. रेक, म्हणजे दाताळं, फार फिरवू नका. नवा रेकवाला केस विंचरावेत तसा माल विंचरत बसतो. प्रत्येक ओढीला खडी वर येते आणि शेवटी वर नुसती खडी, खाली पूड. रेकची पाठ वापरा, दोन-तीन हातांत सपाट करा, सोडा. खड्डा खोल असेल तर सात-साडेसात सेंटिमीटरपेक्षा जाड थर एकदम टाकू नका, दोनदा टाकून दोनदा दाबा. आणि सुटा माल दबल्यावर खाली बसतो, त्यामुळे भरताना तो रस्त्यापेक्षा वर हवा. सहा सेंटिमीटरला दीडेक सेंटिमीटर जास्त.

दबाई कडांपासून मधे. छोट्या पॅचला प्लेट किंवा बेबी रोलर, मोठ्याला मोठा रोलर. ड्रमला माल चिकटू नये म्हणून पाणी मारायचं. डिझेल नाही. फावड्याला, घमेल्याला आणि ड्रमला डिझेल चोपडायची सवय जवळजवळ प्रत्येक गँगला आहे, आमच्याही होती. डिझेल डांबर विरघळवतं. ते ठिबकलेल्या जागी माल कायम मऊ राहतो. साबणाचं पाणी तेवढंच काम करतं.

शेवटी ॲल्युमिनियमची पट्टी आडवी ठेवून बघा. पॅच रस्त्यापेक्षा तीन ते पाच मिलिमीटर वर असावा, गाड्या बाकीचं दाबतात. त्याहून वर असेल तर लोकांना तो स्पीड ब्रेकर वाटतो, खाली असेल तर पहिल्याच पावसात डबकं. चारही कडांच्या सांध्यावर ब्रशने इमल्शन ओढा आणि वर कच भुरभुरवा. हा सांधा उघडा राहिला तर पाणी तिथूनच परत आत जातं. पॅच गार होईपर्यंत, उघड्या हाताचा तळवा टेकवता येईल इतका गार, कोन काढायचे नाहीत.

भाजलं तर

गरम माल किंवा डांबर कातडीला चिकटलं तर लगेच वाहत्या गार पाण्याखाली धरा, निदान वीस मिनिटं. टँकर, बाटल्या, जे असेल ते. चिकटलेलं डांबर ओढून काढू नका, कातडी बरोबर येते. रॉकेल, डिझेल, टूथपेस्ट, बर्फ, यातलं काही नाही. अंगठी, कडं, घड्याळ सूज यायच्या आत काढा. बोटाभोवती किंवा मनगटाभोवती पूर्ण वेढा बसला असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा, आक्रसलेलं डांबर रक्त अडवतं. डोळ्यात गेलं तर एक सेकंद न दवडता पाणी आणि दवाखाना. साध्या रोजच्या काळ्या हातांना खोबरेल किंवा खायचं तेल चोळून साबण लावा, पेट्रोलने हात धुवायची सवय लावून घेऊ नका.

मॅस्टिकच्या, म्हणजे शिजवून ओतायच्या डांबराच्या गँगवर गेलात तर अजून जपा. मॅस्टिक कुकरमध्ये दोनशे अंशांच्या आसपास शिजतं आणि पातळ असतं. त्यात पाण्याचा थेंब गेला तर ते उसळून बाहेर येतं. कुकरने पेट घेतला तर झाकण आणि वाळू, पाणी नाही.

चर, चेंबर आणि पेव्हर

पॅचशिवाय गँगला चर बुजवायची कामं असतात. पाण्याची, गॅसची, केबलची कुणीतरी खोदाई करून जातं आणि ती भरायला आपण. थराथराने भरून प्रत्येक थर धुम्मसने ठोकायचा. एकदम भरलेला चर दोन पावसांत खचतो आणि त्यात रिक्षाचं चाक बसतं.

खोदताना मधेच वाळूचा थर, विटा किंवा रंगीत प्लास्टिकची पट्टी लागली की पहार ठेवून द्यायची. खाली केबल आहे. पुढचं हाताने, फावड्याने. पिवळी किंवा नारिंगी नळी दिसली तर ती गॅसची. ती फुटलीच तर मशिन बंद, मोबाइल नाही, काडी नाही, वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला सगळे लांब, आणि लांब गेल्यावर फोन. पाण्याची लाइन फुटली तर निदान भिजण्यावर भागतं.

चेंबरचं झाकण दोघांनी, आकड्याने किंवा पहारीने उचलायचं. बोटं कडेखाली घालायची नाहीत. उघडल्यावर वाकून बघू नका, काडी पेटवून तर नाहीच. आणि आत उतरायचं नाही. कुणीही सांगितलं, पाचशे रुपये जास्त देतो म्हणालं, कमरेला दोर बांधतो म्हणालं, तरी नाही. गटारात माणूस असा उतरवायला २०१३च्या कायद्याने बंदी आहे, आणि आतला वायू वास न येताही माणूस पाडतो. पहिल्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघंही जातात, हे दरवर्षी पेपरात येतं. झाकण उघडं असेल तोवर एक माणूस तिथून हलत नाही. २९ ऑगस्ट २०१७च्या पावसात मुंबईत एक नामांकित डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. पाणी भरल्यावर झाकण आहे की नाही हे वरून कुणालाच दिसत नाही.

डांबरीकरणात चेंबर गाडले जातात. माल पडायच्या आधी समोरच्या कर्ब स्टोनवर ऑइल पेंटने बाण आणि अंतर लिहून ठेवा, नंतर शोधत खणण्यापेक्षा बरं.

पेव्हर ब्लॉक फुटपाथला ६० मिलिमीटरचे आणि गाड्यांच्या जागी ८० मिलिमीटरचे. खालची कच पट्टीने सपाट केली की तिच्यावर चालायचं नाही. बाकी ते काम दोन दिवसांत हाताला बसतं. फक्त डांबरी रस्त्यातला खड्डा पेव्हरने भरायला सांगितलं तर कुरकुर करायला हरकत नाही. पाणी ब्लॉकच्या फटींतून आत जातं, ब्लॉक डुगडुगतात, आणि आजूबाजूचं चांगलं डांबरही फुटायला लागतं.

पावसाळा

जून ते सप्टेंबर नवं डांबर जवळजवळ बंद, नुसती मलमपट्टी. तेव्हा पोत्यातलं कोल्ड मिक्स येतं. ते गार चालतं म्हणून लोक पाण्याने भरलेल्या खड्ड्यातच ओततात. पोत्यावर काहीही लिहिलेलं असो, आधी पाणी उपसा, चिखल काढा, मग भरा आणि ठोका. आणि शेजारची पावसाळी गटाराची जाळी प्लास्टिकने तुंबलेली असेल तर आधी ती साफ करा. पाच मिनिटांचं ते काम अर्ध्या दिवसाच्या पॅचइतकं मोलाचं आहे.

लोक येतात. मोबाइल काढून शूटिंग करतात. परवा एक काका स्कूटर थांबवून म्हणाले, “अहो, गेल्या महिन्यात इथेच केलं होतंत ना?”

“होय काका. खालून पाण्याची लाइन गळतीय. ती दुरुस्त होईस्तोवर टिकायचं नाही.”

“मग करताय कशाला?”

याला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. तोवर कुणी पडू नये म्हणून, एवढंच म्हणालो. भर उन्हाळ्यात एखादा खड्डा ओला दिसला तर तो पावसाचा नाही, गळतीचा आहे. भरायच्या आधी फोटो काढून जेईंना पाठवा आणि पाणीपुरवठ्याला कळवल्याशिवाय त्यात माल घालू नका. लोकांशी वाद घालू नका, ‘काका, साहेबांशी बोला’ म्हणून नंबर द्या.

आवरताना

थकलेली गँग दिवसाच्या शेवटी चुकते. पॅच गार झाला की आधी खड्ड्याजवळचे कोन, मग तिरपी ओळ, आणि ट्रॅफिकला सगळ्यात आधी दिसणारा फलक सगळ्यात शेवटी. लावलं त्याच्या बरोबर उलटं. घाईत पहिला फलक आधी उचलून टेम्पोत टाकतात आणि दोन माणसं कोन गोळा करत उघड्यावर राहतात. उरलेला माल गटारात किंवा झाडाच्या आळ्यात सारायचा नाही. घमेली मोजून घ्या, एखादं कमी भरलं तर ते बहुतेक चहाच्या टपरीवर असतं.

आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाताना कालच्या पॅचवरून जा. गाडी बाजूला लावून चारही सांधे बघा. रात्री पाऊस पडून गेला असेल तर फारच चांगलं. ज्या कडेला पाण्याची रेघ थांबलेली दिसेल त्या कडेला माल कमी पडलाय. ती बाजू कुणी भरली होती हे आठवत असेलच. बऱ्याचदा आपणच.